सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला

सोलापूरचें नांव निघालें कीं गिरण्या आणि चादरी आठवतात. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चार भाषा तेथील एकाच बाजारांत कानीं पडतात, हेंही सर्वांस ठाऊक आहे. परंतु बाजारांत ज्यांचा शब्दही ऐकूं येत नाहीं, त्या प्राकृत आणि संस्कृत वाङ्मयाच्या अध्ययनाला या व्यापारी शहरानें केवढा आश्रय दिला, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें.

जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे विरक्त वृत्तीचे जैन गृहस्थ. आपल्या द्रव्याचा विनियोग कसा करावा, हा विचार १९४० सालीं त्यांच्या मनांत बळावला. देशभर हिंडून त्यांनीं विद्वानांचीं मतें घेतलीं. १९४१ च्या उन्हाळ्यांत नाशिकजवळील गजपंथ येथें त्यांना एकत्र बोलाविलें, आणि 'जैन संस्कृति संरक्षक संघ' स्थापन करून ३०,००० रुपये देऊं केले. १९४४ सालीं तर सुमारें २,००,००० रुपयांची आपली सर्व मालमत्ता त्यांनीं संघाच्या स्वाधीन केली. याच पैशांतून मंदिर बांधलें असतें, तर निदान कळस तरी लोकांच्या दृष्टीस पडला असता! येथें झालीं तीं पुस्तकें. आणि तींही शंभरांतल्या एखाद्यानेंच उघडावीं अशीं.

पहिलें पुस्तक यतिवृषभाचें 'तिलोयपण्णत्ति', म्हणजे त्रैलोक्याच्या रचनेचें वर्णन करणारा प्राकृत ग्रंथ. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतील अर्धमागधीचे प्राध्यापक आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनीं तो संपादिला. पहिला भाग १९४३ सालीं निघाला व दुसरा १९५१ सालीं. हस्तलिखितें ताडून पाहणें आणि लेखकाच्या हातून झालेली चूक कोणती व खरा पाठभेद कोणता हें ठरविणें, हें काम घाईनें होत नाहीं.

दुसऱ्या पुस्तकाची कथा अधिक मनोरंजक आहे. सोमदेवानें इ. स. ९५९ मध्यें 'यशस्तिलक' हें संस्कृत चंपूकाव्य पुरें केलें. यशोधर राजानें खऱ्या कोंबड्याऐवजीं पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी त्या संकल्पाचें फळ त्याला अनेक जन्म भोगावें लागलें, ही त्यांतील कथा. सोमदेवाचे आश्रयदाते वेमुलवाडचे चालुक्य. पंपाला कानडी 'भारत' लिहिण्यास आश्रय देणारा अरिकेसरी याच घराण्यांतला. त्यांची राजधानी आज तेलंगणांत मोडते, आणि सोमदेवाला दिलेल्या दानाचा इ. स. ९६६ चा ताम्रपट सांपडला तो आपल्या परभणीस. अशा ग्रंथाचा अभ्यास केला कोणी? आसामांतील जोरहाटच्या कृष्णकांत हांडिकी यांनीं. युरोपांत शिकलेले, ग्रीक व लॅटिन जाणणारे हे पंडित पुढें गौहाती विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. ते जैन नव्हते, आणि त्यांच्या इंग्रजी ग्रंथांत शैव, कापालिक इत्यादि मतांचाही विस्तारानें विचार आहे. धर्मकार्यासाठीं ठेवलेल्या पैशानें तो ग्रंथ १९४९ सालीं सोलापुरांतून प्रसिद्ध झाला. संघाची ही उदारता विशेष मानली पाहिजे.

जीवराजजींनीं १६ जानेवारी १९५७ रोजीं समाधिमरण स्वीकारलें. ग्रंथमाला पुढेंही चालू राहिली. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळीं महावीराचार्यानें रचलेला 'गणितसारसंग्रह' १९१२ सालीं मद्रासेस इंग्रजी भाषांतरासह छापला गेला होता. १९६३ सालीं सोलापूरनें तो हिंदी अनुवादासह वाचकांच्या हातीं दिला.