सचोटी वर्गात शिकवता येते का?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सध्या मुलांच्या एमबीएची चर्चा चालू असते. फी विचारतो, नोकरी किती पगाराची लागेल तेही विचारतो. तिथे सचोटी शिकवतात का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेत हा प्रश्न तसा जुनाच आहे.

उद्योगपती जोसेफ व्हार्टन यांच्या देणगीतून फिलाडेल्फियाची व्हार्टन संस्था १८८१ साली निघाली, हार्वर्डची १९०८ साली. नफा जरूर कमवावा, पण सभ्य मार्गाने, अशी हार्वर्डचे पहिले डीन एडविन गे यांची भूमिका होती. पुढे हिशेब, वित्त, विक्री हे विषय फोफावले आणि नीती मागे पडली.

१९८६ साली आयव्हन बोस्की यांचे शेअरबाजारातील प्रकरण उघडकीस आले. पुढच्याच वर्षी शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचे अध्यक्ष जॉन शाड यांनी नीतिशिक्षणासाठी हार्वर्डला सुमारे २ कोटी डॉलर देऊ केले. पंचविशीतल्या माणसाला नीती शिकवून काय होणार, असा वाद झाला. तरी एक छोटा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. पूर्ण सक्तीचा विषय यायला मात्र २००४ साल उजाडले, तेही एन्‍रॉन बुडाल्यानंतर.

एन्‍रॉनचे जेफ्री स्किलिंग हार्वर्डचे १९७९ चे पदवीधर. २०१२ साली दोषी ठरलेले आपले रजत गुप्ता १९७३ चे. दोघेही या अभ्यासक्रमांच्या आधीचे. म्हणून त्यांच्यावरून हे शिक्षण फसले असेही म्हणता येत नाही, आणि त्याने ते वाचले असते असेही नाही.

मला अधिक बोलके वाटते ते डेनिस जोया यांचे उदाहरण. १९७३ साली ते फोर्ड कंपनीत, सदोष गाड्या परत बोलावण्याच्या कामाचे समन्वयक झाले. शिक्षण इंजिनिअरिंग आणि एमबीए. विद्यार्थिदशेत बड्या कंपन्यांवर टीका करणारे. मागून धडक बसल्यावर पिंटो गाडी पेट घेते, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या. संख्या थोडी होती, ठरलेल्या निकषात बसत नव्हती. जळालेली गाडी पाहूनही त्यांनी ती परत न बोलावण्याच्या बाजूने मत दिले. ते स्वतः पिंटोच चालवत, आणि पुढे ती त्यांनी बहिणीला विकली! गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या १९७८ साली, जोया प्राध्यापकीकडे वळल्यानंतर. १९९२ साली त्यांनी हे सारे स्वतःच लिहिले. हा नीतीचा प्रश्न आहे, हे त्या वेळी त्यांच्या मनातच आले नव्हते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचे वाटावे. तक्रारींची यादी, प्रत्येकीला क्रमांक, वरच्या दहा सोडवायच्या. अकराव्या ओळीमागे एखादे माणूस असू शकते, हे यादी सांगत नाही. ते पाहण्याची सवय मात्र वर्गात लावता येईल असे मला वाटते. कॉलेज निवडताना मुलांनी तेवढी चौकशी जरूर करावी.