तळटीप : व्हॉक्सेलच्या पायऱ्या

१. ‘पायऱ्या’ : बहुभुजांच्या जाळीचे व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे छोट्या घनांमध्ये, रूपांतर करताना प्रत्येक घनात केवळ ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढीच नोंद ठेवली, तर गुळगुळीत गोळाही नदीच्या घाटासारखा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. व्हॉक्सेलची बाजू निम्मी केली तर पायऱ्या बारीक होतात, जात नाहीत. घनांची संख्या मात्र आठपट होते. म्हणून घनात पृष्ठभागापासूनचे अंतर साठवतात : आत ऋण, बाहेर धन. समजा, १ मिमी अंतरावरच्या दोन शेजारी घनांच्या केंद्रांवर −०.३ आणि +०.७ असे आकडे आहेत. तर पृष्ठभाग पहिल्यापासून ०.३ मिमीवर आहे, हे साध्या प्रमाणाने निघते. विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ‘मार्चिंग क्यूब्ज’ पद्धत याच हिशेबाने त्रिकोण बसवते. अंतर सगळीकडे साठवावे लागत नाही. ‘ओपनव्हीडीबी’ या सॉफ्टवेअर लायब्ररीमध्ये ते पृष्ठभागालगतच्या अरुंद पट्ट्यापुरते ठेवता येते.

पथ्ये दोन. जाळीला भोक असेल तर आत-बाहेरचा निवाडा होत नाही आणि चिन्हे चुकतात. भोक आधी बुजवावे. मूळ त्रिकोण मोठे असतील तर त्यांचे सपाट पैलूही इमानेइतबारे उतरतात. अशी जाळी रूपांतरापूर्वीच उपविभागून गोलाईदार करावी. उलट, धारदार कडा ‘मार्चिंग क्यूब्ज’मध्ये बोथट होतात. त्या राखायच्या असतील तर पृष्ठभागाची लंबदिशाही विचारात घेणारी, २००२ मधली ‘ड्युअल कंटूरिंग’ पद्धत अधिक सोयीची. – संपा.