दाढी, साडी आणि डॉक्टरकी

सुपा धरणात गाव गेलं, आम्ही रामनगरला आलो. काय न्यायचं, काय सोडायचं, हाच घोर होता.

२०२० साली मॉन्ट्रियलच्या सलुजा बंधूंपुढे, दोघंही शीख डॉक्टर, तोच प्रश्न आला. दाढीवर कोरोनाचा मास्क घट्ट बसेना. जाणत्यांना विचारून, जड मनानं त्यांनी दाढी उतरवली, रुग्णांसाठी. ब्रिटनमध्ये काही शीख डॉक्टरांनी दाढीवर लवचीक पट्टी बांधून वर मास्क लावला; केस राखले.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. थंडीत नऊवारीनं पाय उघडे पडत, म्हणून गुजराती पद्धतीनं नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

आमच्या आजीनं देव आणले, जातं तिथंच राहिलं. तुमच्याकडे काय आलं, काय राहिलं?