ससेपालन

ससेपालन म्हणजे मांस व लोकर यांसाठी पाळीव सशांची पैदास व जोपासना करण्याचा व्यवसाय होय. सर्व पाळीव ससे मूळच्या आयबेरियन द्वीपकल्पातील ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस या एकाच जातीपासून आले आहेत. महाराष्ट्राच्या माळरानांवर दिसणारा रानससा (लेपस नायग्रिकोलिस) हा वेगळा प्राणी. त्याची पिल्ले केसांसह व उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाची मात्र आंधळी व केसविरहित असतात. दोहोंचा संकर होत नाही. रानसशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. मराठीत दोघांनाही ‘ससा’च म्हणत असल्याने हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला इ. वाण पाळतात. मादीला माजाचे ठरावीक चक्र नसते. समागमानंतरच बीजमोचन होते. मादीला नराच्या पिंजऱ्यात नेतात. उलट केल्यास ती आपल्या जागेत आलेल्या नरावर धावून जाते. गर्भकाळ सु. ३१ दिवसांचा असून एका वेतात साधारणतः ६ ते ८ पिल्ले होतात. विण्यापूर्वी मादी स्वतःच्या अंगावरचे केस उपटून पेटीत अंथरते. चांगल्या आहारावर पिल्लू तीन महिन्यांत सु. २ किग्रॅ. भरते. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, हा आजार नव्हे. त्यातून त्याला प्रथिने व ब जीवनसत्त्वे मिळतात.

लोकर अँगोरा सशापासून मिळते. तिचा तंतू सु. १२ ते १४ मायक्रॉन जाडीचा, अतिशय उबदार, पण निसरडा असल्याने तो बहुधा मेंढीच्या लोकरीत मिसळून कातला जातो. कातरणी दर अडीच-तीन महिन्यांनी होते. भारतात हे पालन हिमाचल प्रदेशासारख्या थंड प्रदेशांत चालते. कुलूच्या शालींत ही लोकर वापरतात.

सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे महाराष्ट्रातील उन्हाळ्यात नराची प्रजननक्षमता घटते व ससे उष्माघाताने दगावतातही. सावली, वारा व गार पाणी यांची सोय अनिवार्य ठरते. कॉक्सिडिओसिस व कानातील खरूज हे नेहमीचे रोग होत.

झपाट्याने होणारी वीण पाहून नफ्याचे गणित सोपे वाटते. परंतु सशाच्या मांसाला कोंबडी-बकऱ्यासारखी गावोगावची गिऱ्हाइकी नाही. पिल्ले परत विकत घेण्याच्या हमीवर ससे घेतलेल्या पालकाकडे, विक्रेत्याने खरेदी थांबवताच, रोज खाणारे व वाढणारे ससे तेवढे उरतात.