तळटीप : ‘पी जीवनसत्त्व’

लेखकाने वापरलेले हे नाव आता जीवनसत्त्वांच्या यादीत सापडत नाही. १९३६ साली हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि इश्त्वान रुस्न्याक यांना दिसले, की त्वचेखाली रक्ताचे ठिपके उमटणाऱ्या काही रुग्णांना निव्वळ क जीवनसत्त्वाने गुण येत नाही. लिंबाच्या अर्काने येतो, केशवाहिन्यांतली गळती कमी होते. श्रेय गेले फळांतल्या फिकट पिवळ्या फ्लॅव्होनॉइडांना. (जीभ जांभळी करणारे जांभळातले अँथोसायनिन त्याच कुळातले.) मात्र त्यांच्या अभावाने अमुक रोग होतो, असे कधी सिद्ध झाले नाही आणि १९५० च्या सुमारास नाव मोडीत निघाले. द्रव्ये टिकली : मूळव्याधीवरच्या काही गोळ्यांत त्यांपैकी हेस्पेरिडिन आजही असते. – संपा.