घरांतला समुद्र

समुद्रकांठीं ओहोटीच्या वेळीं खडकांच्या खळग्यांत जें पाणी मागें राहतें, त्यांत डोकावून पाहिलें तर एक लहानसें जगच दृष्टीस पडतें. तें जसेंच्या तसें उचलून घरीं न्यावें, ही हौस मनुष्यास फार जुनी असावी. परंतु ती साधण्याची विद्या मात्र सुमारें पावणेदोनशे वर्षांचीच आहे. ही विद्या कशी जन्मास आली आणि तिची किंमत कोणीं दिली, हा इतिहास मनोरंजक तितकाच बोधप्रदहि आहे.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींतील एका धर्मोपदेशकाच्या पत्नी ॲना थिन या १८४६ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवीं गेल्या असतां त्यांना खडकांवरील जिवंत पोवळीं मिळालीं. प्रवासाच्या हेलकाव्यांनीं तीं आपटूं नयेत म्हणून बाईंनीं सुईदोऱ्यानें तीं एका स्पंजास टांकलीं व समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या बरणींत घालून लंडनला आणलीं. आरंभीं ताजें समुद्रजल मागवून पाणी बदलण्यांत येई. पुढें तें पुरेसें मिळेल कीं नाहीं याची चिंता पडली. तेव्हां बाईंची एक लहानगी मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत अर्धा-पाऊण तास ओतीत राही, हेतु हा कीं, हवेंतील प्राणवायु त्यांत मिसळावा. १८४७ मध्यें बाईंनीं पाण्यांत समुद्रशैवालहि ठेविलें. पोवळीं नुसतीं जगलीं असें नव्हे, तर त्यांची संख्या वाढली. बाईंच्या नोंदी १८५९ सालीं प्रसिद्ध झाल्या. तोंपर्यंत या शोधाचें श्रेय इतरांच्या पदरीं पडलें होतें. त्या मुलीला तर इतिहास मोलकरीण एवढ्याच ओळखीनें जाणतो.

लंडनचाच रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें आपला एक प्रयोग मांडला. गोड्या पाण्याच्या कुंडांत त्यानें दोन मासे व एक पाणवनस्पति ठेविली होती. वनस्पतीनें प्राणवायु पुरविला, पण तिचीं कुजकीं पानें पाणी नासवूं लागलीं. मग त्यानें गोगलगाई सोडल्या. त्यांनीं तीं पानें फस्त केलीं आणि पाणी पुन्हां निवळलें. प्राणी, वनस्पति आणि झाडूवाला यांचा मेळ बसला कीं कुंड आपणच आपणांस सांभाळतें, हें तत्त्व हातीं आलें. १८५२ पासून त्यानें तोच प्रयोग खाऱ्या पाण्यावर चालविला.

इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालींच उठला होता. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि पुढील वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. दिवाणखान्यांत समुद्राचें कुंड ठेवण्याचें एकच वेड पसरलें. हौशी मंडळी हातोडे-छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर लोटली. काचेंत आणलेले पुष्कळ जीव थोड्याच दिवसांत मरत, कीं नव्यांसाठीं पुन्हां किनारा धुंडाळावयाचा! गॉसचा पुत्र एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, बापाच्या ग्रंथांनीं ओढून आणलेल्या गर्दीनें ते खळगे उजाड झाल्याचें दुःख नमूद केलें आहे. ज्यानें सौंदर्य दाखविलें, त्याच्याच लेखणीनें त्याचा नाश ओढवावा, याहून करुण तें काय?

पोवळ्यांच्या कुंडाची सोपी वाट सांपडण्यास आणखी शंभर वर्षें लागलीं, आणि ती जावा बेटांत सांपडली. जाकार्ता येथील ली चिन एंग यानें १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली पद्धति मांडली. समुद्रांतला दगड त्यावरील सर्व जिवांसह कुंडांत ठेवावा, वरून ऊन पडूं द्यावें आणि पाण्यांत हवेचे बुडबुडे सोडावे, इतकीच ती. अशा सच्छिद्र दगडांत सूक्ष्म जंतु असतात. माशांपासून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें ते प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. दगडाच्या पोटांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें दुसरे जंतु नायट्रेटाचा निरुपद्रवी वायु करून सोडतात. त्या मुलीच्या हातांचें काम बुडबुडे करितात आणि गोगलगाईंचें काम हे जंतु.

म्हणूनच कुंड सांभाळणें म्हणजे या अदृश्य सेवकांना सांभाळणें होय. पाणी वाफ होऊन उडतें, मीठ मागें राहतें. यास्तव ही घट गोड्या पाण्यानेंच भरावी लागते आणि खारेपणा हजारीं सुमारें ३५ भाग राखावा लागतो. पोवळीं सांगाडा बांधण्यासाठीं पाण्यांतील चुना घेतात. तोहि परत पुरवावा लागतो. मांडणी बदलण्याची लहर तर फारच जपून पुरवावी. दगड हलवितांच खालीं सांचलेला गाळ उसळून पाणी नासूं शकतें. मंद उजेडांतलें पोवळें एकदम प्रखर प्रकाशांत नेल्यास पांढरें पडतें, कारण त्याच्या अंगांतील ज्या शैवालावर त्याचें पोट असतें, तेंच त्याला सोडून जातें. जें करणें तें एका वेळीं थोडें, हा या कामाचा दंडक आहे.

आतां गुलाबाचें कलम लावावें तशी पोवळ्याची फांदी दगडास चिकटवून वाढविण्याची रीत रुजली आहे. भारतांत २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत स्थान मिळालें असून समुद्रांतून तीं काढणें हा गुन्हा आहे. डेव्हनच्या खळग्यांना हें शहाणपण उपयोगी पडलें नाहीं. घरांत समुद्र ठेवावयाचा तर बाहेरचा समुद्र रिकामा करतां कामा नये, इतकें शिकण्यास मनुष्यास दीड शतक लागलें; आणि तो धडा सर्वांनीं गिरविला आहे, असें अद्याप म्हणतां येत नाहीं.