बारा मरक्काल आणि सुटलेला आकडा

आमच्या तंजावरच्या घरात भात मोजायला लोखंडी मरक्काल होतं. राशीपुढे बसलेला माणूस पहिलं माप ओतताना ‘ओन्नु’ म्हणत नसे. ‘लाभम्’ म्हणे, मग रेंडु, मूणु. बारा झाले की एक कलम, आणि आजोबा मोडीतल्या वहीत एक रेघ ओढत. खळ्यावर तमिळ, घरात मराठी, वहीत मोडी. व्यंकोजीराजे १६७०च्या दशकात इथं आले, तेव्हापासूनची ही खिचडी.

कलमाला बाराच मरक्काल का, हे मला पुढे स्वतः हिशेब लिहू लागल्यावर उमगलं. दहाचे सारखे वाटे करा: दोन, नाहीतर पाच. बाराचे दोन, तीन, चार, सहा, हवे तसे. वाटणी तीन भावांत असो की चौघांत, माप फोडावं लागत नाही. बाराला एकूण सहा भाजक. त्याच्याहून लहान एकाही संख्येला इतके नाहीत.

अशाच संख्यांच्या मागे लागलेला माणूस इथून चाळीसेक किलोमीटरवर, कुंभकोणमला वाढला. वडील कापडदुकानात कारकून. मुलगा १८९७ साली प्राथमिक परीक्षेत तंजावर जिल्ह्यात पहिला आला. रामानुजन म्हटलं की लोक टॅक्सीच्या १७२९ची गोष्ट सांगतात. मला ती जरा उगाळलेली वाटते. मला ओढ आहे ती त्यांच्या १९१५च्या निबंधाची. आधीच्या सगळ्या संख्यांपेक्षा जास्त भाजक असलेल्या संख्या कशा घडतात, ते त्यात आहे. लंडनच्या गणित मंडळाकडे पैशांची चणचण होती, म्हणून निबंध आखूड करावा लागला. उरलेला भाग छापून यायला १९९७ उजाडलं. पण याच कामावर १९१६ साली केंब्रिजची बी.ए. मिळाली.

त्यात अशा संख्यांचा एक तक्ता आहे. शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८००, भाजक १०,०८०. यंत्राशिवाय केलेला तक्ता! आणि त्यात एक ओळ राहून गेली: २,९३,३१,८६,२५,६००. हे वाचलं तेव्हा मला रामानुजन एकदम आमच्या पेढीतले वाटले. अहो, ओळ कोणाची सुटत नाही?

वीजबिलाच्या पाठीवर मी ती संख्या फोडून पाहिली. सहा वेळा दोन, चार वेळा तीन, दोनदा पाच, दोनदा सात, मग ११, १३, १७, १९ एकेकदा. भाजक मोजायची रीत सोपी: प्रत्येक ‘किती वेळा’त एक मिळवायचा आणि गुणाकार करायचा. ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २, म्हणजे ५,०४०. मग सहज पुढची मूळ संख्या घेतली, २३, आणि सुटलेल्या आकड्याला तिनं गुणलं. दोनदा ताळा पाहिला. तक्त्यातली शेवटची संख्याच आली, तंतोतंत.